साइटवर युनियन लेखी करार मागतेय, सही करावी का?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. नागपूरच्या बेसा भागात अकरा मजली इमारतीचं आरसीसी आणि जोडाईचं काम तुमच्याकडे आहे. साधारण सत्तर माणसं, अठरा महिन्यांची मुदत, दुसरा स्लॅब नुकताच झालाय. सेंट्रिंग आणि लोखंडवाल्यांनी मिळून युनियन केली. ती लेखी करार मागतेय: रोजीत साठ रुपये वाढ, दर शनिवारी चुकारा, म्हणजे मजुरीचे पैसे, थेट खात्यात, उन्हाळ्यात कामाची वेळ बदलून आणि नव्वद दिवस काम केल्याचा दाखला. तुमचा प्रश्न असा, की सही केली तर माझा फायदा काय? आणि मित्र म्हणतात तसं, एकदा सही केली की हे लोक डोक्यावर बसतील का?

मी अठ्ठावीस वर्षं नागपुरातल्या साइटवर आहे. सुरुवातीला साइट इंजिनिअर होतो, गेली चौदा वर्षं मजूर आणि सब-कॉन्ट्रॅक्टर यांचं सगळं माझ्याकडे आहे. अशा पाच करारांच्या बैठकांना बसलो, आणि पाचही वेळा मालकाच्या बाजूनं. तेव्हा पुढचं सगळं त्या खुर्चीतून दिसलेलं आहे.

तुमच्या साइटवर करार आजही आहेच. तो तोंडी आहे आणि मुकादमाशी आहे, एवढंच. तुम्ही त्याला उचल दिली, तो बालाघाट, राजनांदगाव, गोंदियाकडून माणसं घेऊन आला. आठवड्याला तो त्यांच्या हातावर खर्ची ठेवतो आणि बाकीचा हिशोब काम संपल्यावर करू म्हणतो. कोणाला किती मिळाले, कोणाचे किती अडकले, हे तुमच्या कोणत्याही वहीत नाही. म्हणून 'करार करू की नको' हा खरा प्रश्नच नाही. ज्याचे हात काम करतात त्याच्याशी बोलायचं की मधल्या माणसाशी, आणि ते बोलणं कोणत्या दिवशी करायचं, हा आहे.

दिवसाचं महत्त्व मला २०१० च्या मे महिन्यात कळलं. मानेवाड्याच्या बाजूला काम होतं, तिसरा स्लॅब. ऊन चढायच्या आत संपवायचं म्हणून पहाटे पाचला आरएमसीच्या, म्हणजे प्लांटवरून तयार काँक्रीट आणणाऱ्या, गाड्या लावल्या. दोन गाड्या रिकाम्या झाल्या आणि माणसं खाली बसली. तीन आठवड्यांचा चुकारा मिळाला नाही, म्हणाले. आम्ही तर दर शनिवारी पैसे दिले होते, व्हाउचरवर सह्या होत्या. सह्या मुकादमाच्या होत्या, आणि तो आदल्या रात्रीपासून फोन उचलत नव्हता. प्लांटवर भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी झाली पाहिजे, हा आरएमसीचा भारतीय मानकातला नियम आहे. रस्त्यावर चार गाड्या उभ्या, वर मे महिन्याचा सूर्य. दोन परत पाठवल्या, दोन फेकून द्याव्या लागल्या. काँक्रीटचा सांधा जिथं कधीच यायला नको तिथं, बीमच्या तोंडाशी आला. तो तासणं, बॉन्डिंगचा थर लावणं, पुढचं काँक्रीट, नंतर लोड टेस्ट, यात जे गेलं ते गेलंच. त्या दिवशी दुपारी आम्ही त्याच माणसांना तेच पैसे दुसऱ्यांदा दिले. आणि द्यायलाच हवे होते, कारण त्यांच्या हातात पहिल्यांदा काही आलंच नव्हतं.

त्या माणसांनी स्लॅबचा दिवस का निवडला? कारण बाकी कोणत्याही दिवशी त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. तक्रार सांगायला ना जागा होती, ना तारीख. लेखी करारातून मालकाला मिळणारी सगळ्यात मोठी गोष्ट मी हीच मानतो: जी घासाघीस स्लॅबच्या सकाळी होणार असते ती एखाद्या रविवारी, टेबलावर, चहा घेत होते. पैसे कदाचित तेवढेच जातात, पण गाड्या रस्त्यावर उभ्या नसतात.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत मोठ्या कामांवर काम सुरू होण्याआधीच सगळ्या कॉन्ट्रॅक्टरांसाठी आणि सगळ्या युनियनसाठी मिळून एकच करार करतात. त्याला प्रोजेक्ट लेबर अ‍ॅग्रीमेंट म्हणतात. १९३० च्या दशकात ग्रँड कूली धरणावर असा करार झाला होता. बोस्टन बंदराच्या सफाईच्या कामावरचा असाच करार १९९३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं वैध ठरवला. त्या करारांचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: कामाच्या मुदतीत संप नाही, टाळेबंदी नाही, आणि वाद सोडवायची पायरी आधीच ठरलेली. अशा करारानं खर्च वाढतो की वाचतो, यावर तिथंही अजून भांडण चालू आहे. पण तो मसुदा जसाच्या तसा उचलू नका. तिथं कारागीर पुरवण्याचं काम युनियन स्वतः करते. आपल्याकडे माणसं मुकादम आणतो किंवा सकाळच्या ठिय्यावरून, म्हणजे मजूर कामासाठी उभे राहतात त्या नाक्यावरून, येतात. तिथून एक तत्त्व मात्र जरूर घ्या: साइट एक, तर करार एक. तुमच्या लोखंडवाल्यांना एक दर आणि बिल्डरनं परस्पर आणलेल्या प्लास्टरच्या टोळीला दुसरा नियम असेल, तर तिसऱ्या महिन्यात दोन्हीकडून तक्रारी येतील. बिल्डरलाही या बैठकीत बसवा.

आता साठ रुपयांकडे येतो. सत्तर माणसं, साठ रुपये, महिन्याचे सव्वीस दिवस: १,०९,२०० रुपये. आकडा लहान नाही, आणि करारानं तो आपोआप वसूल होतो असं मी सांगणार नाही. समोर दुसरा हिशोब मांडा. साइट एक दिवस बंद पडली तर शटरिंगचं भाडं, होइस्ट, सुपरवायझरांचे पगार, व्याज, उशिराची पेनल्टी मिळून तुमचे किती जातात? गेल्या पाच महिन्यांत असे किती दिवस गेले? आणि टोळी मधेच निघून गेल्यावर नवी टोळी रुळेपर्यंत किती आठवडे कामाची चाल मंदावली? ही शेवटची गोष्ट कोणी लिहून ठेवत नाही, पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त पैसा तिथंच जातो. हे आकडे तुमचे तुम्हीच काढा, माझ्या साइटचे तुमच्या उपयोगाचे नाहीत. एका करारात आमच्याकडेही साठच मागितले होते. आम्ही पस्तीस लगेच आणि पंचवीस नऊ महिन्यांनी असं ठरवलं. बदल्यात दोन गोष्टी लिहून घेतल्या: स्लॅब चालू असताना काम थांबणार नाही, आणि गावी जायचं असेल तर टोळी पंधरा दिवस आधी सांगेल.

गावी जाण्याचं कलम नागपूरच्या साइटवर सोन्यासारखं आहे. आपली निम्मी माणसं धानाच्या मुलखातली. जुलैत धानाची रोवणी, म्हणजे लावणी, लागली की भंडारा, गोंदिया, बालाघाट, छत्तीसगडची माणसं जाणारच. त्याआधी तेंदूपत्त्याच्या दिवसांत काही जातात, दिवाळीनंतर कापणी आणि गावच्या मंडईच्या जत्रेला पुन्हा. हे थांबवता येत नाही, आणि थांबवूही नये, ते त्यांचं घर आहे. पण कोण कधी जाणार आणि कधी येणार याची यादी जूनच्या सुरुवातीला हातात असेल, तर स्लॅबच्या तारखा तिच्याभोवती बसवता येतात. मुकादम ही यादी कधीच खरी देत नाही, कारण 'माणसं भरपूर आहेत' हे सांगण्यावरच त्याची उचल अवलंबून असते. युनियननं दिलेली यादी आमच्याकडे दोन वर्षं जवळजवळ माणसागणिक खरी निघाली.

उन्हाळ्याच्या वेळेबद्दल फार बोलत नाही, कारण ती मागणी तुम्ही स्वतःच करायला हवी होती. पंचेचाळीस अंशांत दुपारी दोन वाजता स्लॅबवर उघड्यानं लोखंड बांधणारा माणूस कामही करत नाही आणि सुरक्षितही नसतो. सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी चार ते सात. प्यायचं पाणी आणि सावलीची जागा. हे लिहून टाका.

आता ज्या गोष्टीसाठी हे एवढं लांब उत्तर लिहायला बसलो ती सांगतो.

हिंगण्याकडच्या एका साइटवर, करार होऊन चार महिने झाले होते. ऑगस्ट, आठवडाभर झड. पहिल्या स्लॅबखालचे टेकू भरणीवर उभे होते, आणि भरणीखाली आपली काळी माती. तुम्हाला माहीत आहे ती पाण्यानं कशी होते. दुसऱ्या दिवशी काँक्रीट होतं. खाली साफसफाई करणाऱ्या एका रेजानं, म्हणजे मजूर बाईनं, टेकूला हात टेकला आणि तो हलला. पुढचाही हलला. खालची फळी मातीत बसली होती, वर प्लेटला टेकूचा आधारच नव्हता. तिनं युनियनच्या प्रतिनिधीला सांगितलं, त्यानं मला. आम्ही काम थांबवलं. तीन ओळींतले टेकू काढून खाली रुंद फळ्या आणि मुरूम घालून पुन्हा लावले. दीड दिवस गेला. करारात लिहिलं होतं, की धोका दाखवून काम थांबवलं तर कोणाचीही हजेरी कापली जाणार नाही. ती कापली गेली नाही.

नंतर मी तिला विचारलं, आधीच्या साइटवर असं दिसलं असतं तर सांगितलं असतंस का? ती म्हणाली, "नाही साहेब. बोललं की मुकादम दुसऱ्या दिवशी घेत नाही." सत्तर माणसांची साइट मी आणि दोन सुपरवायझर बघत होतो, म्हणजे सहा डोळे. त्या एका कलमानं बाकी सगळे डोळे उघडे राहिले. दुसऱ्या दिवशी त्या स्लॅबवर बावीस माणसं उभी राहणार होती. मी या कराराच्या बाजूनं का बोलतो, याचं मोठं कारण ती बावीस माणसं आहेत.

म्हणून 'काम थांबणार नाही' हे कलम लिहिताना त्याच ओळीत 'जिवाला धोका असल्यास हे लागू नाही' असं लिहा. नुसतं पहिलं लिहिलं तर तुम्ही स्वतःचेच डोळे बांधले.

आणि त्या रेजाला तेव्हा पुरुष हेल्परपेक्षा कमी रोजी मिळत होती, हेही सांगतो. एकाच कामाला बाई म्हणून कमी देणं १९७६ पासून कायद्याविरुद्ध आहे, आता ते वेतन संहितेत आहे. आमच्या करारानं ते दुरुस्त झालं. तुमच्याकडे मागणीत हा मुद्दा नाही. युनियनमध्ये सेंट्रिंग आणि लोखंडवालेच असतील तर रेजा तिथं नसतीलच. तुम्ही स्वतः घाला.

नव्वद दिवसांच्या दाखल्याबद्दल लोक का कचरतात ते मला खरंच समजत नाही. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर भरला जातोच. त्या पैशातून बांधकाम कामगारांचं कल्याणकारी मंडळ मुलांचं शिक्षण, आजारपण, मृत्यूनंतरची मदत अशा योजना चालवतं. अठरा ते साठ वर्षांच्या मजुराला मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला दिल्यावर नोंदणी करता येते. तो दाखला देणारे तुम्ही. सहीला एक पैसा लागत नाही, आणि ती नसेल तर त्याच्याच नावानं गोळा झालेल्या पैशापर्यंत पोहोचणं त्याला अवघड होतं. युनियन असेल तर अर्ज भरण्याचं काम ती करते, तुमचा कारकूनसुद्धा गुंतत नाही. सही करण्याआधी हजेरीपट मात्र पाहा. साइटवर कधी न आलेल्या माणसाच्या नावानं दाखला देऊ नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

चुकाऱ्याचंही तसंच. आठवड्याच्या हिशोबावर असलेल्या माणसाचे पैसे साप्ताहिक सुट्टीच्या आधी, आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी द्यावेत, काम सोडलं तर दोन कामाच्या दिवसांत द्यावेत, हे वेतन संहितेतच आहे. स्लॅब रात्रीपर्यंत गेला तर जादा तासांना दुप्पट दर, हेही. म्हणजे युनियन जे मागतेय त्यातलं बरंच तुम्ही असंही द्यायला बांधील आहात. थेट खात्यात दिले की २०१० सारखं दुहेरी देण्याची वेळ येत नाही. मुकादम नाराज होईल. त्याचं कमिशन वेगळं, उघड आणि तुमच्याकडून द्या. माणसं आणण्याचं, सांभाळण्याचं काम तो खरंच करतो, त्याला उपाशी ठेवून हे चालणार नाही.

काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते आता. वीस माणसं आणि चार महिन्यांचं काम असेल तर एवढा मोठा करार नको, दर, चुकाऱ्याचा दिवस आणि तक्रार कोणाकडे न्यायची हे लिहिलेलं दोन पानांचं पत्र पुरे. सरकारी टेंडरचं काम असेल आणि त्यात दरवाढीचं कलम नसेल, तर रोजीतली वाढ पूर्ण तुमच्या खिशातून जाते. तिथं आधी टेंडर वाचा, मग कबूल करा. आणि मजूर दर महिन्याला पूर्ण बदलत असतील तर करार कागदावरच राहतो. नागपूरची एम्प्रेस मिल, कापडगिरणी, १८७७ मध्ये सुरू झाली. तिथं एकाच गेटमधून बाप गेला, मग मुलगा गेला, आणि युनियन त्या गेटवर वाढली. आपलं गेट दीड वर्षात उचललं जातं. म्हणून बांधकामावरचा करार व्यक्तींवर नको, साइटवर हवा: जो कोणी या कामावर येईल त्याला तो लागू.

त्यासाठी एक कायद्याची गोष्ट लक्षात ठेवा. तुम्ही आणि युनियन आपसात सही केलीत तर तो करार सही करणाऱ्या पक्षांनाच बांधतो. समेट अधिकारी म्हणजे मालक-कामगार वाद मिटवणारा सरकारी अधिकारी; त्याच्यासमोर, समेटाच्या कार्यवाहीत झालेला करार मात्र त्या आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना लागू होतो, नंतर येणाऱ्यांनाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही हे असंच होतं, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तसंच आहे. तुमच्या साइटसारखी माणसं बदलणारी जागा असेल तर हा फरक फार मोठा आहे. त्याच संहितेत संपाआधी चौदा दिवसांची नोटीस द्यायची अट आहे, पण केवळ तिच्यावर विसंबू नका. खाली बसलेल्या माणसांना कलम वाचून दाखवल्यानं काँक्रीट पडत नाही. करारातच पायऱ्या लिहा: सुपरवायझरनं चोवीस तासांत उत्तर द्यायचं, नाही तर तीन दिवसांत तुम्ही आणि प्रतिनिधी बसायचं, तरीही न सुटलं तर समेट अधिकारी. तोवर काम चालू, वादही चालू.

मित्रांनी घातलेली भीती अगदी खोटी नाही. नुसत्या लेटरपॅडवरच्या युनियनही मी पाहिल्यात. ओळखायची खूण सोपी आहे. सत्तर माणसांच्या साइटवर सात जण मिळूनही युनियनची नोंदणी करू शकतात, म्हणून केवळ नोंदणीचा कागद बघून थांबू नका. सभासदांची यादी मागा, हजेरीपटाशी ताडून पाहा. उद्या दुसरी युनियन उभी राहिली, तर वाटाघाटी करणारी एकमेव युनियन म्हणून मान्यतेला एक्कावन्न टक्के लागतात, म्हणजे तुमच्याकडे छत्तीस माणसं. मागण्या सगळ्या मजुरांसमोर वाचून दाखवायला सांगा. जो पुढारी हे टाळतो आणि 'आपण दोघंच बसू' म्हणतो, त्याच्याशी बसू नका. करारातला प्रत्येक रुपया मजुराच्या खात्यात जाईल, पुढाऱ्याच्या किंवा युनियनच्या हातात नाही, आणि वर्गणी मजुराच्या लेखी संमतीशिवाय कापली जाणार नाही, हे लिहा. तुमच्या युनियनच्या चार मागण्या वाचून मला ती खरी वाटते. पैसे खाणारा माणूस नव्वद दिवसांचा दाखला आणि उन्हाळ्याची वेळ मागत नाही.

सिमेंट आणि लोखंड उतरवणारी माथाडींची टोळी असेल तर तिला या करारात ओढू नका. त्यांचा १९६९ चा वेगळा कायदा आहे, वेगळं मंडळ आहे.

तुमच्या जागी मी असतो तर सही केली असती, पण आज आणि आहे त्या कागदावर नाही. साठ रुपये दोन टप्प्यांत द्यायचं ठरवा. बदल्यात स्लॅबचं कलम आणि गावी जायची यादी घ्या. धोक्याचं आणि रेजांच्या रोजीचं कलम स्वतःहून घाला, आणि कागद समेट अधिकाऱ्यासमोर न्या. तुम्ही लिहिलंय की पाचवा स्लॅब जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. तो थेट रोवणीत येतो. येत्या रविवारी त्यांच्यापैकी चार जणांना बोलवा, त्यात एक रेजा असू द्या, आणि बोलणं पैशापासून नको, पहिला प्रश्न हा विचारा: जुलैत कोण कोण गावी जाणार?